ज्यांचे पोट हातावर, त्यांच्या मनगटाचे काय?

'हातावर पोट असणे' हा वाक्प्रचार आपण किती सहज वापरतो! रोज कमवायचे आणि रोज खायचे, एवढाच त्याचा अर्थ आपण धरतो. पण ज्याचे पोट खरोखरच हातावर आहे, त्याचा हातच एके दिवशी ऐकेनासा झाला तर काय, हा प्रश्न फारसा कुणाच्या मनात येत नाही. आमच्या घरात तो दोन वर्षांपूर्वी आला. तो सोडवता सोडवता मनगट नावाच्या चिमुकल्या जागेविषयी जे कळले, ते वाचकांपुढे ठेवावेसे वाटले.

माझे वडील, म्हणजे आमचे अण्णा, कराडजवळच्या एका गावात सुतारकाम करतात. चौदाव्या वर्षी आजोबांच्या हाताखाली त्यांनी रंधा धरला, त्याला आता अठ्ठेचाळीस वर्षे होतील. सुरुवात नांगर, कुळव आणि बैलगाडीच्या चाकांपासून झाली. मग दारे-खिडक्या, देव्हारे, पाट, पाळणे आले आणि आता प्लायवुडची कपाटे. सागवानाच्या फळीवरून नुसता अंगठा फिरवून ती कुठे उंच आहे आणि कुठे खोल, हे ते सांगतात. त्यामुळे त्याच अंगठ्याला काही कळेनासे झाले, तेव्हा त्यांचे काय झाले असेल याची कल्पना करावी.

हे प्रथम लक्षात आले ते आईच्या. रात्री दोन-अडीचच्या सुमारास अण्णा उठून बसत आणि थर्मामीटर झटकावा तसा उजवा हात झटकत. आईने विचारले, की उत्तर ठरलेले : "मुंग्या आल्यात. तू झोप."

मग चहाचा कप हातातून निसटू लागला. बारीक स्क्रू चिमटीत येईना. अण्णा जुन्या पद्धतीने जमिनीवर बसून, लाकूड पायाने दाबून धरून काम करीत. एका दुपारी पटाशी हातातून सुटली आणि पायाच्या अंगठ्यापासून बोटभर अंतरावर फळीत रुतून बसली. "लाकूड तेलकट होतं," एवढेच बोलून त्यांनी दुकान बंद केले. भर दुपारी त्यांनी दुकान बंद केल्याचे आईने तोवर कधी पाहिले नव्हते.

गावातल्या एका डॉक्टरांनी हात न पाहताच "वयाचं दुखणं आहे" असे सांगून वेदनाशामक गोळ्या आणि ताकदीच्या गोळ्या दिल्या. शेजारच्या आजींनी 'वात' म्हणून तेल चोळले. कुणी मनगटाला घट्ट पट्टी बांधून दिली, तेव्हा तर मुंग्या दुप्पट झाल्या. असे सहा महिने गेले. शेवटी मी अण्णांना मुंबईला घेऊन आले आणि हाताच्या विकारांचे तज्ज्ञ असलेल्या एका डॉक्टरांकडे गेले.

त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "काका, तुम्ही काम काय करता?"

प्रश्न साधाच, पण त्यामागे मोठी परंपरा आहे. इटलीतल्या बर्नार्डिनो रामाझ्झिनी नावाच्या वैद्याने १७०० साली कामगारांच्या रोगांवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. रोग्याला वैद्य जे प्रश्न विचारतात, त्यांत 'तुझा व्यवसाय कोणता?' हाही एक प्रश्न असावा, असे त्याने त्यात बजावले होते. तीनशे वर्षे उलटून गेली, तरी हा प्रश्न विचारायला आपण विसरतोच.

अण्णांनी टेबलावरची पट्टी उचलून रंधा कसा मारतात, ते दाखवले. पटाशी कशी धरतात तेही दाखवले आणि सवयीने तिच्या काल्पनिक मुठीवर तळहाताच्या बुडाने दोन ठोसे दिले. हलक्या कामाला हातोडी कोण शोधत बसणार? बहुतेक सुतार असेच करतात. डॉक्टरांनी त्यांचा हात तिथेच धरला. "काका, हेच ते. नेमका इथेच तुम्ही ठोकताय."

मग त्यांनी कागदावर चित्र काढून समजावले. मनगटात आठ लहान हाडे असतात. ती कमानीसारखी बसलेली असतात आणि कमानीच्या तोंडावर एक चिवट आडवा पट्टा असतो. त्यामुळे जो बोगदा तयार होतो, त्यातून बोटे वाकवणाऱ्या नऊ दोऱ्या, म्हणजे स्नायुरज्जू, आणि एक मज्जातंतू जातो. हाताने तीच ती हालचाल जोर लावून, मनगट वाकवून हजारो वेळा केली, की दोऱ्यांभोवतीचे आवरण सुजते. बोगदा तर मोठा होत नाही! मग दबतो तो बिचारा मज्जातंतू. अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू यांची संवेदना हाच मज्जातंतू वाहून नेतो. झोपेत मनगट दुमडले जाते, म्हणून त्रास रात्री वाढतो. या विकाराला 'कार्पल टनेल सिंड्रोम' म्हणतात.

"करंगळीला मुंग्या येतात का?" डॉक्टरांनी विचारले.

अण्णा विचारात पडले. "नाही बुवा. ती एक शहाणी आहे."

करंगळीचा मज्जातंतू वेगळा. तो या बोगद्यातून जात नाही. म्हणून अंगठ्याकडची बोटे बधिर आणि करंगळी मात्र ठीक, ही या दुखण्याची मोठी खूण. दोन्ही मनगटे मिनिटभर खाली दुमडून धरायला सांगितल्यावर अण्णांना अर्ध्या मिनिटातच मुंग्या आल्या. मधुमेह किंवा थायरॉइडचा विकार असल्यास हाच त्रास होऊ शकतो, म्हणून रक्त तपासले. ते ठीक निघाले. मज्जातंतूंची विद्युत-तपासणी झाली. डाव्या हाताचे दुखणे सौम्य होते, उजव्याचे मात्र बरेच पुढे गेलेले. अंगठ्याच्या बुडाशी जो मांसल उंचवटा असतो, तो उजव्या हाताला चक्क सपाट झाला होता. रोज डोळ्यांसमोर असूनही आमच्यापैकी कुणाला तो दिसला नव्हता.

दुखणे लवकर लक्षात आले, तर रात्री मनगट सरळ ठेवणारी पट्टी काही आठवडे बांधणे, कामात बदल आणि गरज पडल्यास एखादे इंजेक्शन, एवढ्यावर बऱ्याच जणांना आराम पडतो. डाव्या हातासाठी डॉक्टरांनी तेच सांगितले. उजव्यासाठी मात्र म्हणाले, "ऑपरेशन करावे लागेल. स्नायू वाळायला लागलाय."

अण्णांचा चेहरा उतरला. हाताला सुरी लागली की हात गेला, ही त्यांची पक्की समजूत. त्यात अक्षय्य तृतीयेच्या आत एका घराची सगळी दारे करून द्यायचा शब्द त्यांनी दिलेला. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "पुन्हा रंधा धरता येईल का?"

डॉक्टरांनी खोटा धीर दिला नाही. "रात्रीच्या मुंग्या जातील. वाळलेल्या स्नायूची ताकद किती परत येईल, ते आज सांगता येणार नाही. पण थांबलात, तर जी आहे तीही जाईल."

दोन दिवस घरात कुणी फारसे बोलले नाही. तिसऱ्या दिवशी फोनवर आईच म्हणाली, "दारं काय, दुसरा कुणीही करून देईल. तुमचा हात कोण करून देणार आहे?" अण्णांनी त्याच संध्याकाळी घरमालकांना फोन करून मुदत मागितली. ते भले गृहस्थ होते. त्यांनी दारांसाठी दुसऱ्या कुणाला बोलावले नाही.

ऑपरेशन लहानसेच होते. फक्त हात बधिर करून तो आडवा पट्टा कापून मोकळा करतात. अण्णा त्याच दिवशी घरी आले आणि त्या आठवड्यातच कित्येक महिन्यांनी सलग झोपले. टाके दोन आठवड्यांनी निघाले. हलकी कामे महिनाभरात सुरू झाली, मात्र मूठ घट्ट आवळायला आणि तळहाताचा दुखरेपणा जायला तीन महिने लागले.

खरे काम त्यानंतरचे होते. हात मोकळा केला, पण काम करण्याची रीत तीच ठेवली तर काय उपयोग? डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट यांनी सांगितले ते आणि अण्णांनी स्वतःच्या बुद्धीने शोधले ते, असे बदल हळूहळू दुकानात झाले. ते सगळ्याच कारागिरांच्या उपयोगाचे आहेत.

पहिली गोष्ट धारेची. बोथट रंध्याला दुप्पट जोर लागतो आणि तो सगळा मनगटावर येतो. अण्णा धारेच्या बाबतीत आधीही काटेकोर होते, आता दिवसातून दोनदा धार लावतात. दुसरी गोष्ट मुठीची. बारीक मूठ धरायला बोटे जास्त आवळावी लागतात. म्हणून पटाश्यांच्या मुठींवर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळून त्या जाड केल्या. पटाशीवर तळहाताने ठोकणे पूर्ण बंद झाले. आता लाकडी हातोडा शेजारीच असतो.

तिसरी गोष्ट बसण्याची. अण्णांनी उभ्याने काम करण्यासाठी स्वतःच एक भक्कम टेबल केले. रंधा मारायला टेबल जरा खालच्या उंचीचे लागते, म्हणजे हात सरळ खाली सोडला तर बोटांच्या पेरांपर्यंत येईल असे. मग जोर मनगटाने नव्हे, सगळ्या अंगाने लावता येतो. बारीक कोरीव कामाला मात्र फळी कोपराच्या उंचीच्या जवळपास हवी. लाकूड हाताने आवळून धरण्याऐवजी शिकंजात पकडले, की एक हात सुटा होतो.

चौथी गोष्ट सर्वांत अवघड : मध्येच थांबण्याची. एकच काम दोन-दोन तास करायचे नाही. वीस-पंचवीस मिनिटे रंधा मारला, की मापे घ्यायची, आखणी करायची, नाहीतर नुसते हात सैल सोडून उभे राहायचे. "लोक म्हणतील सुतार आळशी झाला," असे अण्णा सुरुवातीला म्हणत.

यंत्रांनी कष्ट वाचतात, पण त्यांचाही धोका आहेच. सँडर, राउटर यांची थरथर वर्षानुवर्षे हातात झिरपत राहिली, तर बोटांच्या रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू बिघडतात. थंडीत बोटे पांढरी पडू लागतात. यंत्राची वेळेवर दुरुस्ती करणे, ते गरजेपेक्षा घट्ट न आवळणे आणि सलग न चालवणे, हेच यावरचे उपाय.

दुखणे नेहमी हेच असते असेही नाही. अण्णांच्या हाताखालचा मुलगा दिवसभर स्क्रू पिळायचा. त्याचे मनगट अंगठ्याच्या बाजूला दुखू लागले. मुंग्या मात्र नव्हत्या. अंगठा मुठीत दाबून मनगट करंगळीकडे वाकवले, की कळ यायची. अंगठ्याच्या दोऱ्यांच्या आवरणाची ही सूज. स्विस शल्यचिकित्सक फ्रिट्झ द कर्व्हेन यांनी १८९५ साली तिचे वर्णन केले, म्हणून ती त्यांच्या नावाने ओळखली जाते. बाळाला सारखे उचलणाऱ्या नव्या आयांनाही ती होते. त्या मुलाला अंगठ्याची पट्टी आणि कामातला बदल एवढ्यावर बरे वाटले.

आमच्या भगिनींनी तर हे विशेष ध्यानात घ्यावे. कार्पल टनेलचा त्रास पुरुषांपेक्षा स्त्रियांत जास्त आढळतो, गरोदरपणातही होतो. कणीक मळणे, कपडे पिळणे, पाट्यावर वाटणे यांत मनगटाचे हाल रंध्यापेक्षा कमी होत नाहीत. रात्री बोटे बधिर होऊन जाग येत असेल, वस्तू हातातून निसटत असतील, अंगठ्याचा उंचवटा बसत चालला असेल, तर दुकानातून वेदनाशामक गोळ्या आणून महिनोन्‌महिने खाऊ नयेत. त्या पोटाला आणि मूत्रपिंडाला घातक ठरू शकतात आणि दबलेला मज्जातंतू काही त्यांनी सुटत नाही.

सहारनपूरची शिसवीवरची नक्षी, चन्नपटणाची लाखेची खेळणी, आमच्या सावंतवाडीची लाकडी फळे पाहून आपण म्हणतो, "काय हात आहे!" त्या हाताची काळजी मात्र कारागिराने एकट्याने घ्यायची. २०२३ साली सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत सुतारांचा समावेश आहे आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदतीची तरतूद आहे. अशी अवजारे घेताना पात्याइतकीच मूठही पाहून घ्यावी, असे अण्णा ओळखीच्या सुतारांना सांगतात.

अण्णांच्या उजव्या अंगठ्याची ताकद पूर्ण परत आलेली नाही. घट्ट बसलेला स्क्रू ते आता मुलाकडे देतात. तो देताना पूर्वी त्यांना संकोच वाटे, आता वाटत नाही. पण फळीवरून अंगठा फिरवला, की उंच-खोल पुन्हा कळते. अक्षय्य तृतीयेची ती दारे दिवाळीला बसली आणि एकही दार अडकत नाही.

तुमच्या घरी सुतार कामाला येईल, तेव्हा तो मध्येच हात झटकताना दिसला, तर चहा देताना एवढे जरूर विचारा : "मिस्त्री, रात्री मुंग्या येतात का?" आणि 'हो' म्हणाला, तर त्याला लवकर डॉक्टरकडे जायला सांगा. काम दोन दिवस उशिरा झाले, तरी चालेल.