बी कोठे आहे?

दिंडोरीस आमच्या धाकट्या बंधूंची द्राक्षबाग आहे. आणि त्या बागेचा हंगाम व दहावीची परीक्षा या दोहोंची गाठ विधात्याने फाल्गुनाच्या सुमारासच घालून ठेवली आहे. गेल्या साली घड उतरविण्याच्या धांदलीत पुतण्याच्या जीवशास्त्राकडे पाहावयास घरात कोणी उरले नाही, तेव्हा ते काम आमच्याकडे आले. फार वर्षांपूर्वी तो विषय आम्ही शिकलो होतो, एवढ्या भांडवलावर आम्ही ते मोठ्या डौलाने पत्करले.

मुलगा हुशार. 'व्याख्या लिहा', 'फरक स्पष्ट करा', 'शास्त्रीय कारणे लिहा' अशा शिस्तीने सारे पाढ्यांसारखे पाठ. परागण म्हणजे काय? परागकोशातील परागकण कुक्षीवर पडणे. फलनानंतर काय होते? "बीजांडाचे बी होते आणि अंडाशयाचे फळ होते." आम्ही मान डोलावली. समोरच्या ताटलीतील एक मणी त्याने तोंडात टाकला, चावला, आणि सहज विचारले, "काका, मग याचे बी कोठे आहे?"

आम्हांस उत्तर येईना. आम्ही म्हणालो, "परीक्षेत असे काही विचारीत नाहीत." त्याने तत्काळ पान उलटले. तो हट्ट धरून बसता तर बरे झाले असते. त्याचे ते निमूट पान उलटणे रात्रभर आमच्या डोळ्यांपुढून हलले नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही पुस्तके धुंडाळली. बागेतील द्राक्ष थॉमसन सीडलेस. त्यात परागण होते, फलनही होते. परंतु गर्भाची वाढ लवकरच खुंटते आणि बी धरता धरता राहून जाते. आम्ही मणी चाकूने उभा चिरला. आत मऊ, फिकट असा एक ठिपका दिसला. पाठ केलेली व्याख्या खोटी नव्हती. ती अर्ध्या वाटेवर थांबली होती, एवढेच.

पुढची गंमत तर त्याच्या हातूनच घडलेली होती. वाढणाऱ्या बियांतून जिबरेलीन नावाचे संप्रेरक तयार होते व त्याने फळ फुगते. जपानात कुरोसावा यांनी 1926 साली भाताच्या एका रोगाचा शोध घेताना ज्याचा माग काढला, तेच हे द्रव्य. बी नसलेल्या मण्यास ते पुरेसे कोठून मिळणार? म्हणून बागाईतदार जिबरेलिक आम्लाच्या पाण्यात घड बुडवितात. त्यास 'जीए' म्हणण्याचा प्रघात आहे. थंडीत बापाबरोबर ती बादली घेऊन हा मुलगा ओळीओळीने हिंडला होता. आणि 'जिबरेलीनमुळे खोडाची वाढ होते' हे वाक्यही त्यास मुखोद्गत होते. दोहोंची भेट मात्र कोणी घालून दिली नव्हती.

बी नाही, तर वेल येतो कोठून? येथे बंधूच गुरू झाले. खाली डॉगरिज या अमेरिकन जातीचे मूळ, वर थॉमसनच्या काडीचे कलम. एकोणिसाव्या शतकात फिलोक्झेरा किडीने फ्रान्समधील वेलींची मुळे खाल्ली, तेव्हा अमेरिकन मुळांनीच त्या बागा तारल्या. आपल्याकडे ती क्षारयुक्त जमीन व पाण्याचा ताण सोसण्यासाठी लावतात. म्हणजे वरची सारी बाग ही एकाच जुन्या वेलीची वाटणी. शाखीय प्रजननात जनुकीय विविधता येत नाही, हे वाक्य मुलाने पुन्हा म्हटले आणि मध्येच थांबला. "म्हणजे डाऊनी एका वेलीला लागला, तर बाकीच्या वेलीही तशाच कच्च्या?" आम्ही होकार दिला. "म्हणूनच अवकाळी ढग आले की बाबा झोपत नाहीत!" बंधू खळ्याकडे पाहत राहिले, त्यांनी काही म्हटले नाही.

परीक्षेत शाखीय प्रजननावर प्रश्न आला. चिरंजीवांनी दोन गुणांसाठी पाऊण पान भरून द्राक्षाचे कलम लिहिले, आकृतीही काढली, आणि शेवटचा एक प्रश्न वेळेअभावी सोडला. बंधूंनी आमच्याकडे ज्या नजरेने पाहिले, तिचे वर्णन न करणेच बरे. मुलगा मात्र ताटलीतील मणी चाकूने चिरीत बसला होता. बाजारातून आणलेल्या काळ्या द्राक्षांत त्यास पुरते बी सापडले होते, आणि ते कुंडीत लावून वेल कसा निघतो, हे त्यास पाहावयाचे होते.