पहिल्या भेटीला मूल आणू नका

फोनवर सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, "त्याची चित्रकला अगदीच यथातथा आहे, चालेल ना?" त्याच्या खालोखाल दुसरा, "तिचा हात छान आहे, म्हणजे तिला लवकर फरक पडेल ना?" मुलांबरोबर रंग, माती, गाणं, नाच, नाट्य यांच्या साहाय्याने उपचाराचं काम करताना हे दोन्ही प्रश्न मी नीट ऐकून घेते. मूल माझ्या खोलीत यायच्या आधी घरात काय बोलणं झालंय, ते त्यातून कळतं. म्हणूनच पहिल्या भेटीला मी फक्त आईवडिलांना बोलावते. मूल दुसऱ्या भेटीला येतं.

आपल्याकडे कला म्हटली की क्लास आला आणि क्लास म्हटला की परीक्षा आली. चित्रकलेला एलिमेंटरी, इंटरमिजिएट, गाण्या-तबल्याला गांधर्वच्या प्रारंभिक, प्रवेशिका, नाचाला स्नेहसंमेलन. त्या शिक्षणाबद्दल मला मनापासून आदर आहे. पण एक्स्प्रेसिव्ह आर्ट्स थेरपीत शिकवायचं काहीच नसतं. जे सांगायला मुलाकडे शब्द नाहीत, ते बाहेर पडायला तिथे वाट मिळते. १९७४ मध्ये अमेरिकेतल्या लेस्ली कॉलेजात शॉन मॅकनिफ यांनी या पद्धतीचं शिक्षण सुरू केलं, तेव्हापासून तिचा एक धागा कायम आहे : एकाच कलेला चिकटून राहायचं नाही. मूल चित्र काढता काढता ढोलकी ओढतं, ढोलकीवरून गोष्टीत शिरतं, तर आपण त्याच्या मागून जायचं.

एक मुलगी होती, सात वर्षांची. (तपशील बदलले आहेत.) आजोबा गेल्यानंतर तिने शाळेत बोलणंच सोडलं होतं. आईने तिला सांगून आणलं होतं, "ड्रॉइंगच्या ताईंकडे जायचंय." ती आली, कागद आडवा ठेवला आणि आपण सगळ्यांनी लहानपणी काढलेलं ते चित्र काढलं : दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली नदी, काठावर झोपडी, शेजारी नारळाचं झाड. मग पट्टीने चौकट आखली. खाली उजव्या कोपऱ्यात नाव, इयत्ता, तुकडी लिहिली आणि कागद माझ्यापुढे सरकवून थांबली. पुढच्या भेटीत पुन्हा तेच चित्र, आणखी नीटनेटकं. तिला दिलेली माहिती चुकीची होती आणि ती त्या माहितीशी प्रामाणिक होती. आईशी बोलले. आईने तिला घरी जवळ घेऊन सांगितलं, "त्या ड्रॉइंग शिकवत नाहीत. आबा गेल्यापासून तुला बोलावंसं वाटत नाही ना, मलाही खूप रडू येतं. त्यासाठी आपण तिथे जातो." त्यानंतरच्या भेटीत तिने कागदाला हातही लावला नाही. शाडूचा गोळा घेतला, त्यात अंगठा खुपसला, बाहेर काढला, पुन्हा खुपसला. बराच वेळ एवढंच चाललं होतं. आमचं काम त्या दिवशी सुरू झालं.

म्हणून मुलाला खरं सांगा. फार मोठं भाषण नको. "हल्ली शाळेत जायची वेळ झाली की तुझं पोट दुखतं. आम्हाला काळजी वाटते. एक ताई आहेत, त्या मुलांबरोबर रंग, माती, गाणी, गोष्टी यांतून काम करतात. तिथे मार्क नाहीत. एखादी गोष्ट करायची नसेल तर 'नको' म्हणता येतं." एवढं पुरतं. चार-पाच वर्षांच्या मुलाला आदल्या दिवशी सांगितलेलं बरं, फार आधी सांगितलं तर ते उगाच घोकत बसतं. नऊ-दहा वर्षांच्या मुलाला दोन-तीन दिवस द्या, म्हणजे त्याला प्रश्न विचारता येतील. तेरा-चौदाच्या पुढे मात्र वेळ ठरवण्याआधीच विचारा. "तिथे शहाण्यासारखं वागलास तर आइस्क्रीम" हे नको. शहाणं वागण्याचं ओझं उतरवायलाच तर ते येतंय. "तू असा वागतोस म्हणून न्यावं लागतंय" हे तर कधीच नको.

घरात आजी-आजोबा असतील तर त्यांनाही सांगा. "आमच्या वेळी नव्हती असली थेरं" हे वाक्य मुलासमोर आलं की ते लाजून मिटतं. मी आजीला आवर्जून एकदा बोलावते. बाळ कुठल्या गाण्यावर झोपायचं, कशाला दचकायचं, हे कित्येकदा आजीलाच पक्कं माहीत असतं आणि त्याचा मला फार उपयोग होतो.

ज्यांना ही पद्धत समजायला अवघड जाते, त्यांना मी दिवाळीतल्या किल्ल्याची आठवण करून देते. अंगणात नाहीतर सोसायटीच्या कोपऱ्यात मूल दगड-मातीचा डोंगर रचतं, वर पोतं, त्यावर माती, मग अळीव पेरतं, मावळे मांडतं. लंडनमध्ये १९२९ च्या सुमाराला मार्गारेट लोवेनफेल्ड या बालरोगतज्ज्ञ डॉक्टरांनी मुलांसमोर वाळूचा ट्रे आणि छोट्या खेळण्यांची पेटी ठेवली. मूळ कल्पना त्यांना एच. जी. वेल्स यांच्या १९११ च्या 'फ्लोअर गेम्स' या पुस्तकावरून सुचली होती. मुलं त्या वाळूत आपापलं जग मांडू लागली आणि त्यातून एक उपचारपद्धती उभी राहिली. आता किल्ल्याशी आपण मोठी माणसं काय करतो ते आठवा. महाराज दरवाजापाशी कसे, त्यांना वर सिंहासनावर बसव; मगर खंदकात हवी; गेरू नीट लाव, उद्या स्पर्धेचे परीक्षक येणार आहेत. संध्याकाळपर्यंत किल्ला सुरेख होतो आणि मूल बाजूला उभं असतं. उपचाराच्या खोलीत मगर गडावर बसली तर ती तिथेच राहते. ती तिथे का आली, हे कदाचित तिसऱ्या महिन्यात कळेल, कदाचित कळणारही नाही.

पालकांना सगळ्यात जड जातो तो घरी परतण्याचा रस्ता. स्कूटरवर मागे बसलेलं मूल गप्प असतं आणि आपल्याला राहवत नाही. "आज काय काढलंस? रडलास का? माझ्याबद्दल काही सांगितलंस?" हे तीन प्रश्न गिळा. पाणी द्या, भूक लागली का विचारा. मूल आपणहून बोललं तर ऐका. कौतुकाची घाई नको आणि दुरुस्ती तर नकोच. त्याने केलेलं काम माझ्याकडे त्याच्या नावाच्या फाइलमध्ये राहतं. त्याचा फोटो कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेला की पुढच्या वेळी मूल मामा-मावश्यांसाठी चित्र काढायला लागतं. ठरावीक काळाने मी पालकांना भेटते आणि गाडी कुठल्या दिशेने चाललीय ते सांगते. कुठल्या दिवशी काय काढलं, ते सांगत नाही. याला अपवाद सुरक्षिततेचा. मुलाच्या जिवाला धोका वाटला तर मी गप्प बसत नाही. लैंगिक अत्याचाराची शंका आली तर पॉक्सो कायद्याने, २०१२ पासून, कळवणं बंधनकारकच आहे. हे मी मूल येतं त्या पहिल्याच दिवशी, आईवडिलांसमोर, मुलाला समजेल अशा भाषेत सांगते.

काळ्या रंगाबद्दल मात्र थोडं सविस्तर. "पूर्ण पान काळं केलंय हो, डिप्रेशन असेल का?" असं घाबरून विचारणारे पालक दर महिन्याला भेटतात. रंगांचे अर्थ सांगणारे तक्ते फोनवर फिरत असतात, त्यांवर विश्वास ठेवू नका. मुलाने रात्र काढली असेल, बॅटमॅन काढला असेल, किंवा डब्यातला तेवढाच तैलखडू न तुटलेला असेल. साडेतीन-चार वर्षांच्या मुलाने डोक्यालाच हातपाय जोडले तर तेही वयाला धरून आहे. मानसशास्त्रज्ञ घर-झाड-माणूस काढायला लावतात, ती चाचणी जॉन बक यांनी १९४८ मध्ये मांडली. पण तीही एकटी काही ठरवत नाही. एका चित्रावरून मुलाचं मन वाचता येतं असं कुणी छातीठोकपणे सांगितलं, तर त्या व्यक्तीकडे मूल नेऊ नका.

थेरपिस्टला प्रश्न विचारायला संकोचू नका. शिक्षण किती काळाचं आणि कुठे झालं, कुणाच्या देखरेखीखाली काम केलं, गरज पडली तर कुठल्या मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवता, हे विचाराच. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते, ती पाहता येते. शनिवार-रविवारच्या कार्यशाळेतून कुणी थेरपिस्ट होत नाही. आणि मुलाला डॉक्टरांनी औषधं दिली असतील, तर इथे येऊ लागल्यावर ती स्वतःच्या मनाने बंद करू नका.

तयारीतल्या बारीक गोष्टी पहिल्या भेटीतच बोलून घेऊ. फेव्हिकॉल बोटांना चिकटला की मूल कासावीस होतं का, ओल्या मातीची किळस येते का, ढोलकीच्या आवाजाने कान झाकतं का. स्वमग्न मुलांच्या घरी मी खोलीचे, दाराचे, बसायच्या जागेचे फोटो आधीच पाठवते, क्रमाने दाखवण्यासाठी. मूल जुन्या कपड्यांत, खाऊन आलेलं असावं. शाळा आणि अबॅकसच्या मधल्या पाऊण तासात कोंबलेली वेळ घेऊ नका. दारात "कपडे मळवू नकोस हं" म्हणू नका.

आणि मूल दारातच अडलं तर ओढू नका. आईला किंवा बाबांना आत येऊन बसता येतं. फक्त फोन पिशवीत ठेवायचा आणि मुलाने बोलावल्याशिवाय खेळात शिरायचं नाही. तरीही ते आत आलं नाही, तर मी बाहेर येते, खडू-कागद घेऊन बाकावर बसते आणि ठरलेली वेळ तिथेच पूर्ण करते. निघताना पुढच्या आठवड्याचा वार आणि वेळ मी मुलालाच सांगते. ती तुम्ही बदलू नका.