यदृच्छ क्रम आणि स्वतंत्र संच

काही बिंदू आणि त्यांतील काही जोड्यांना सांधणाऱ्या रेषा एवढ्या सामग्रीतून उभ्या राहणाऱ्या रचनेला गणितात आलेख म्हणतात, आणि ज्या बिंदुसमूहातील कोणतेही दोन बिंदू रेषेने जोडलेले नसतात, त्या समूहाला स्वतंत्र संच. दिलेल्या आलेखातील मोठ्यात मोठा स्वतंत्र संच शोधण्याची, सर्व आलेखांना लागू पडेल अशी जलद रीत आजवर कोणालाही सापडलेली नाही. तरीही तो किमान केवढा असलाच पाहिजे हे थोडक्या ओळींत सिद्ध करता येते.

हे अनुमान १९७९ मध्ये यायर कारो आणि १९८१ मध्ये व्ही. के. वेई यांनी मांडले. त्याच्या सर्वांत निर्मळ सिद्धतेत सर्व बिंदू यदृच्छया, म्हणजे प्रत्येक क्रमाची शक्यता सारखीच धरून, एका रांगेत लावले जातात आणि जो बिंदू आपल्या सर्व शेजाऱ्यांच्या आधी येतो तेवढाच निवडला जातो. निवडलेल्यांपैकी दोन बिंदू जोडलेले असते, तर प्रत्येकाला दुसऱ्याच्या आधी यावे लागले असते. ते अशक्य असल्यामुळे निवडलेला संच स्वतंत्रच असतो. दोन शेजारी असलेला बिंदू त्या तिघांत पहिला येण्याची संभाव्यता एक तृतीयांश, तीन शेजारी असल्यास एक चतुर्थांश. या संभाव्यतांची बेरीज म्हणजे निवडलेल्या बिंदूंची सरासरी संख्या, आणि निदान एक तरी क्रम सरासरीइतकी किंवा अधिक संख्या देतोच. पंचकोनात ही बेरीज ५/३ येते, म्हणून किमान दोन बिंदूंचा स्वतंत्र संच तेथे असलाच पाहिजे. या बेरजेसाठी निरनिराळ्या बिंदूंची निवड परस्परनिरपेक्ष असण्याची मुळीच गरज नसते, आणि युक्तिवादाचे खरे बळ तेथेच आहे.

स्वतंत्र संचांकडून संभाव्यतेकडे जाणारे उलट दिशेचे नाते अधिक खोल आहे. समजा, पाच अनिष्ट घटना पंचकोनाच्या बिंदूंवर मांडल्या, प्रत्येकीची संभाव्यता प आहे, आणि कोणतीही घटना फक्त आपल्या दोन शेजारणींवर अवलंबून असू शकते. यांपैकी एकही न घडण्याची शक्यता केव्हा उरते? अशा प्रश्नांसाठी पॉल एर्डोश आणि लास्लो लोवास यांनी १९७५ मध्ये दिलेला निकष पुरेसा होता; नेमकी सीमा जेम्स शिअरर यांनी १९८५ मध्ये आखली. सर्वांत प्रतिकूल स्थिती म्हणजे शेजारच्या घटना कधीच एकत्र न घडणे, आणि तेव्हा एकत्र घडू शकणाऱ्या घटनांचे गट म्हणजे नेमके स्वतंत्र संच. पंचकोनात रिकामा संच एक, एकेका बिंदूचे पाच आणि जोड्यांचे पाच असल्यामुळे, एकेकट्या घटनांची संभाव्यता वजा करून आणि जोड्यांची परत मिळवून, एकही घटना न घडण्याची संभाव्यता १ − ५प + ५प² अशी मिळते. प सुमारे ०.२७६ पेक्षा कमी असेपर्यंत ती धन राहते; ती सीमा गाठताच सुटकेची हमी संपते. चौकोनासाठी हाच हिशोब वाचकाने स्वतः मांडून पाहावा. सीमा सुमारे ०.२९३ यावयास हवी.