किर्द, खतावणी आणि गूगल

ओरॅकलविरुद्धचा खटला गूगलने अखेर जिंकला, तो ५ एप्रिल २०२१ रोजी, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात. नेमके त्याच दिवशी महाराष्ट्रात कोरोनाचे पुन्हा कडक निर्बंध लागले होते. त्यामुळे जळगावच्या आम्हा संगणकवाल्यांना दुकानं बंद ठेवून या निकालावर बोलायला भरपूर वेळ मिळाला. एकाने लिहिलं, "आता चोरी माफ झाली म्हने!" दुसरा म्हणाला, मोठ्यांना सगळंच माफ असतं, तुम्ही-आम्ही करून दाखवा. एरवी अशा चर्चेत मी सगळ्यांत पुढे. त्या दिवशी मात्र गप्प राहिलो. याच खटल्यावर मी आधी दोनदा तावातावाने बोलून बसलो होतो, आणि दोन्ही वेळा उलटसुलट.

खटला समजायला फार कठीण नाही. अँड्रॉइड बनवताना गूगलने, पुढे ओरॅकलच्या मालकीच्या झालेल्या जावा भाषेतल्या ३७ पॅकेजेसमधल्या सुमारे साडेअकरा हजार ओळी जशाच्या तशा उचलल्या. कोणतं काम कोणत्या नावाने हाक मारून करून घ्यायचं, एवढंच सांगणाऱ्या त्या ओळी. प्रत्यक्ष काम करणारा कोड गूगलने स्वतः लिहिला. जावा येणाऱ्यांना नव्याने काही शिकावं लागू नये, हा हेतू. २०१२ साली न्यायाधीश विल्यम अल्सप यांनी सांगितलं की या नावांवर आणि त्यांच्या मांडणीवर कॉपीराइट चालणार नाही. हे गृहस्थ स्वतः प्रोग्रॅमिंग करणारे. खटल्यात वादात असलेल्या एका नऊ ओळींच्या तुकड्याबद्दल, असा कोड तर आपण कितीदा लिहिलाय, असं त्यांनी भर कोर्टात ऐकवलं होतं.

तेव्हा मी खूश झालो. त्याचं कारण न्यायप्रेम नव्हतं. मी पतसंस्थांसाठी सॉफ्टवेअर विकत होतो आणि त्याचे पडदे एका जुन्या, दुसऱ्याच कुणाच्या प्रोग्रामसारखे बेतले होते. क्लार्क मंडळींची बोटं त्या कळांना सरावलेली होती. त्यांना नवं शिकवत बसलो असतो तर कुणी घेतलंच नसतं. चहाच्या टपरीवर मी अल्सपसाहेबांची वकिली करायचो.

९ मे २०१४ रोजी वरच्या कोर्टाने तो निकाल फिरवला. त्याच वर्षी माझ्याकडे काम शिकलेला मुलगा दुकान सोडून गेला आणि त्याने स्वतःचं पतसंस्था सॉफ्टवेअर काढलं. किर्द, खतावणी, तेरीज, दैनिक ठेव, हिशेबाचे सगळे पडदे माझ्याच क्रमाने. मुलगा जळगावजवळच्या आमच्या असोदा गावचाच. त्याचे वडील आणि माझे वडील एकाच भजनी मंडळातले. मी पतसंस्थांच्या व्यवस्थापकांना फोन लावून सांगू लागलो, "ते सॉफ्टवेअर चोरीचं आहे. अमेरिकेच्या कोर्टानेसुद्धा आता हेच म्हटलंय." अमेरिकेतला निकाल जळगावात बंधनकारक नसतो, हे मला माहीत होतं. समोरच्याला माहीत नसेल, एवढाच माझा भरवसा होता.

मग वकिलांकडे गेलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "भाऊ, तुमचा प्रोग्राम ज्या मशीनवर लिहिला, त्यातल्या व्हिज्युअल बेसिकचं बिल आहे का?"

बिल कुठलं? सीडी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरची, नकली होती. फॉन्टही तसेच.

त्यांनी कॉपीराइट कायद्याचं कलम ६३ ब उघडून माझ्यापुढे सरकवलं. नकली प्रत आहे हे माहीत असूनही ती संगणकावर वापरली, तर किमान सात दिवस आणि कमाल तीन वर्षे कैद, दंड पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत. धंद्यासाठी वापरली नसेल तर न्यायालय कैद माफ करू शकतं. माझा तर धंदाच तो होता. "दावा लावायचाच असेल तर लावू," वकीलसाहेब म्हणाले, "पण समोरचाही कलमं वाचू शकतो." मी त्यांची फी दिली आणि जिना उतरलो.

फोन मात्र करून झाले होते. त्या काळात जिल्ह्यातल्या अनेक पतसंस्था ठेवीदारांच्या तक्रारींनी आणि चौकश्यांनी आधीच बेजार होत्या. 'कोर्ट' शब्द ऐकताच व्यवस्थापक बिचकायचे. त्यातल्या बऱ्याच जणांनी मलाही नको म्हटलं आणि त्या मुलालाही, आणि तिसऱ्याच कुणाचं सॉफ्टवेअर घेतलं. त्या मुलाचे वडील माझ्याशी बोलेनासे झाले. हिवाळ्यात आमच्याकडे शेतात भरताचे बेत होतात. त्या वर्षी त्यांच्या मळ्यातल्या भरताचं बोलावणं आमच्या घराला आलं नाही. असोद्याच्या वांग्यांचं कौतुक करणाऱ्याला यातलं नुकसान वेगळं सांगायला नको.

२०२१ च्या निकालानंतर सवड होती, म्हणून पहिल्यांदा निकालपत्र मुळातून वाचायला घेतलं. चोरी कुणी माफ केलेली नव्हती. न्यायमूर्ती ब्रेयर यांनी त्या ओळींवर कॉपीराइट आहे की नाही हे ठरवायचंच टाळलं. तो आहे असं धरून चाललो तरी गूगलचा वापर रास्त ठरतो, एवढाच सहा विरुद्ध दोन मतांचा निर्णय. बाजू बदलणारा मी एकटा नव्हतो, हेही कळलं. मायक्रोसॉफ्टने २०१३ साली अपिलात ओरॅकलला पाठिंबा दिला होता आणि सर्वोच्च न्यायालयात गूगलला. त्यांच्याकडे निदान वकिलांची फौज होती, माझ्याकडे टपरी.

वाचता वाचता स्वतःच्या पडद्यांचा विचार केला. किर्द आणि तेरजेचा क्रम माझा कधी होता? दिवाणजी लोक पिढ्यान्‌पिढ्या वह्या तशाच लिहीत आले. माझं असं काही असेल तर व्याज काढायच्या आणि थकबाकी लावायच्या पद्धतीमागचा कोड. तो त्या मुलाने नेला का, हे दोन्ही कोड शेजारी ठेवून तपासता आलं असतं. मागितला असता तर त्याने दाखवलाही असता. मी मागितलाच नाही. त्याने माझं काही चोरलं होतं की नाही, हे मला आजही माहीत नाही.