ठाण्याचा बालराजा

कल्याणास वडील बंधूंकडे जावयाचें होतें. वाटेंत ठाण्यास एक दिवस मोकळा मिळाला, म्हणून मी व माझा चौदा वर्षांचा भाचा मासुंदा तळ्यावर फिरावयास गेलों. तळ्याकांठीं कौपिनेश्वराचें देवालय आहे आणि ख्रिस्ती लोकांचें चर्चही आहे. भाच्यानें विचारलें, "मामा, हें देऊळ मराठ्यांनीं १७६० सालीं पुन्हां बांधलें म्हणतां, मग त्यांच्यापूर्वीं येथें राज्य कोणाचें?"

"एके काळीं तुझ्याहून पुष्कळ लहान मुलाचें," मी म्हणालों. तो हंसला, पण ही गोष्ट थट्टेची नव्हे.

गुजराथच्या बहादूरशहानें १५३४ सालीं वसई व तिच्या आसपासचा मुलूख पोर्तुगीजांस दिला, त्यांत साष्टी बेट व ठाणें गेलें. पुढें १५५७ सालीं लिस्बनच्या गादीवर सेबास्त्यांव हा तीन वर्षांचा मुलगा आला. त्याचा बाप त्याच्या जन्मापूर्वीं अठरा दिवस वारला होता. आई त्याला तान्हा सोडून माहेरीं स्पेनला निघून गेली होती. कारभार आधीं त्याची आजी कॅथेरिन हिनें पाहिला व नंतर चुलत आजोबा कार्डिनल हेन्री यांनीं. हे कार्डिनल पोर्तुगालच्या धर्मन्यायालयाचे मुख्य होते. फ्रान्समध्येंही त्याच सुमारास, १५६० सालीं, दहा वर्षांचा नववा चार्ल्स राजा झाला. त्याच्या आईचें नांवही कॅथेरिनच. त्याच्या कारकीर्दींत, १५७२ च्या ऑगस्टांत, पॅरिसमध्यें प्रॉटेस्टंटांची कत्तल झाली.

आमच्या बालराजाच्या नांवानें १५५९ सालीं गोव्यासाठीं एक हुकूम सुटला: ज्या हिंदु मुलांस आईबाप नाहींत, आजीआजोबाही नाहींत, तीं जेझुइटांच्या विद्यालयाच्या हवालीं करून ख्रिस्ती करावीं. राजा त्या वेळीं पांच वर्षांचा होता. तोही पोरकाच, त्याला आजी होती, एवढाच काय तो फरक! पुढील वर्षीं गोव्यांत धर्मन्यायालयही स्थापन झालें. जेझुइट पाद्र्यांचें कार्य ठाण्यासही चालू होतें.

दुसऱ्या दिवशीं आगगाडीनें निघालों. पारसिकचा डोंगर मागें पडला, डोंबिवली गेली, आणि कल्याणची खाडी दिसूं लागली. त्या काळीं कल्याण अहमदनगरच्या निजामशाहींत होतें. तेथेंही १५६५ सालीं तरुण मुर्तझा गादीवर आला होता, आणि आरंभीं कारभार त्याची आई खुंजा हुमायून हिच्या हातीं होता. १५७० सालीं पोर्तुगीजांनीं कल्याणचीं उपनगरें जाळलीं व पुष्कळ लूट नेली. त्याच सुमारास मुर्तझाच्या फौजेनें त्यांच्या चौलास वेढा घातला. सेबास्त्यांव तेव्हां सोळा वर्षांचा होता. सत्ता आतां त्याच्याच हातीं होती. पण ज्यांचीं घरें जळलीं त्यांचीं तोंडें त्यानें कधीं पाहिलीं नाहींत.

धर्मयुद्धाचें वेड डोक्यांत भरलेला हा राजा १५७८ च्या ऑगस्टांत मोरोक्कोच्या रणांत चोविसाव्या वर्षीं पडला. त्याला मूलबाळ नव्हतें. दोन वर्षांत पोर्तुगाल स्पेनच्या राजाकडे गेलें. नववा चार्ल्स त्यापूर्वींच, १५७४ सालीं, तेविसाव्या वर्षीं वारला होता. ठाणें मात्र १७३७ सालीं मराठ्यांनीं घेईपर्यंत पोर्तुगीजांकडेच राहिलें.

"मग दोष त्या मुलाचा कीं मोठ्या माणसांचा?" भाच्यानें विचारलें. पांच वर्षांच्या मुलाला दोष कसा द्यावा? पण सोळाव्या वर्षीं त्याला सोडतां येत नाहीं. आणि त्याच्या डोक्यांत तें वेड ज्यांनीं भरलें त्यांना तर मुळींच नाहीं. वाचकहो, आपल्या घरांतून मुलें आपल्या मांडीवर वाढतात. त्यांना आपण देव देतों; त्याबरोबर द्वेषही देतों काय, हें ज्यानें त्यानें पाहावें.

घरीं पोंचतांच आईनें नातवाला विचारलें, "काय रे पाहिलेंस ठाण्याला?" तो म्हणाला, "आजी, एका राजाची गोष्ट ऐकली. त्यालाही आजी होती." आई म्हणाली, "मग त्याचें चांगलें झालें असेल!" आम्ही दोघेही गप्प राहिलों.