गुहागरची भरती, गोळीची भरती

महाराष्ट्राचा नकाशा समोर घ्या आणि रत्नागिरी जिल्ह्यात चिपळूण शोधा. तिथून बोट पश्चिमेकडे सरकवत न्या. जमीन संपली की थांबा. तेच गुहागर. चिपळूण स्टेशनवरून मार्गताम्हाने, शृंगारतळी करत रस्त्याने गेलं तर सुमारे ४५ किलोमीटर पडतं.

या गावाची ठेवण मोठी गमतीची आहे. समुद्राला समांतर असा एकच लांबलचक रस्ता आणि त्याच्या दोन्ही अंगांना घरं. समुद्राकडच्या बाजूला घर असेल, तर पुढे खळं, मग ओटी, माजघर, पडवी, मागे विहीर, त्यामागे नारळी-पोफळीची वाडी, वाडीच्या टोकाला बेडं, आणि बेडं ओलांडलं की थेट पुळण! म्हणजे पुढच्या दारात एस.टी. आणि मागच्या दारात अरबी समुद्र. गावाच्या मध्यावर व्याडेश्वराचं देऊळ आहे. कोकणातल्या कितीतरी घराण्यांचं ते कुलदैवत.

आमचं घर असंच समुद्राच्या अंगाला आहे. एरवी तिथे दोनच माणसं राहतात, माझा धाकटा भाऊ आणि वहिनी. पण गणपतीत? २०२५ साली चतुर्थी २७ ऑगस्टला आली, तेव्हा आम्ही मोजून सत्तावीस जण होतो. मुंबईची, पुण्याची, नाशिकची, एक पुतणी तर बंगळूरहून आलेली. मी डोंबिवलीहून गेलो. माझ्याबरोबर माझी बायको, मुलगा, सून, अकरा वर्षांचा नातू, सहा वर्षांची नात आणि माझा आजार.

हो, त्यालाही न्यावंच लागतं. तो काही घरी राहत नाही!

मला नऊ वर्षांपासून पार्किन्सनचा आजार आहे. आपल्याकडे याला कंपवात म्हणतात. १८१७ साली लंडनच्या जेम्स पार्किन्सन नावाच्या डॉक्टरांनी या आजारावर निबंध लिहिला. त्यात फक्त सहा रुग्णांची हकिकत होती आणि त्यातले काही तर त्यांनी रस्त्यावरून जाता-येताना पाहिलेले. नुसतं चालणं बघून त्यांनी इतकं अचूक टिपलं! आपल्या मेंदूच्या तळाशी काळसर पेशींचा एक छोटा पुंजका असतो. त्या पेशी डोपामिन नावाचं रसायन बनवतात. हालचाली सुरळीत व्हायला ते लागतं. या आजारात त्या पेशी हळूहळू मरत जातात. का मरतात ते अजून पुरतं उलगडलेलं नाही, आणि मेलेल्या पेशी परत आणणारं औषधही नाही. म्हणजे हा आजार वाढतच जाणार. तुमच्यापासून हे कशाला लपवू? पण तो संसर्गाने होत नाही, तेव्हा माझ्या ताटातला मोदक पळवायला कोणाचीच हरकत नाही. नातवंडं तो पळवतातच.

मला मिळते ती गोळी लेव्होडोपाची. मेंदूत गेल्यावर तिचं डोपामिन होतं. सकाळी नऊ, दुपारी एक, संध्याकाळी पाच अशा माझ्या वेळा. गोळी घेतल्यावर अर्ध्यापाऊण तासाने अंगात भरती येते. पाय सुटतात, बोटं ऐकतात. दोन-अडीच तासांनी ओहोटी लागते. मग सदऱ्याचं बटण लावायलाही पाच मिनिटं. त्यात आणखी एक भानगड आहे. डाळ, दूध, उसळ यांतली प्रथिनं आणि ही गोळी, दोघांनाही आतड्यातून रक्तात शिरायला एकच दार. गणपतीच्या दिवसांतल्या एस.टी.सारखी तिथे रेटारेटी होते! म्हणून गोळी जेवणाच्या बरीच आधी घ्यायची. नैवेद्याची पंगत अडीच वाजता बसते याची एरवी सगळे कुरकुर करतात. मला मात्र ती वेळ अगदी सोयीची. आणि उकडीच्या मोदकात प्रथिनं अगदी थोडी असतात, त्यामुळे तिथे तर प्रश्नच मिटला.

आता प्रवासाचं सांगतो. कोकण रेल्वे १९९८ साली पूर्ण सुरू झाली. त्याआधी आम्ही रात्रभर लाल गाडीत हाडं खिळखिळी करून जायचो. आता ठाण्याला बसलं की चिपळूण. पण गाडी चिपळूणला थांबते थोडाच वेळ, आणि दारापाशी आल्यावर माझे पाय फरशीला चिकटले. या आजारात असं होतं बरं का. अरुंद दार, वळण, गर्दी आली की पाय गोठतात. ‘चल’ म्हणून आतून कितीही ओरडलं तरी ढिम्म! मागे माणसं खोळंबलेली. कोणी म्हणालं, “अहो, उतरा ना!” कोणी दंड धरून ओढलं. ओढल्याने तर तोल जातो. तेवढ्यात नातवाने आपला पाय माझ्या पायापुढे आडवा ठेवला आणि म्हणाला, “आजोबा, माझा पाय ओलांडा.” मी ओलांडला. पुढचं पाऊल आपोआप पडलं आणि मी फलाटावर!

यात जादू काही नाही. आपोआप चालण्याची मेंदूची वाट बिघडली, तरी समोर काही दिसत असेल तर दुसऱ्या वाटेने काम होतं. म्हणूनच मी सपाट फरशीवर अडखळतो आणि जिना मात्र झरझर चढतो. आमच्या घराचे उंबरठे चांगले वीतभर उंच आहेत. धाकटा भाऊ म्हणत होता, “दादासाठी उंबरठे तासून घेऊ या.” मी म्हटलं, “अरे, ठेव रे बाबा! तेच तर माझे मित्र आहेत.” अडचण होती ती ओटीपासून न्हाणीघरापर्यंतच्या लांब पडवीची. नातवंडांनी खडूने तिथे पावलापावलावर आडव्या रेघा मारल्या. दुसऱ्या दिवशी बघतो तर प्रत्येक रेघेला रांगोळीची वेलबुट्टी! मग काय, मी रोज राजासारखा न्हाणीघरात जात होतो.

सगळंच असं छान झालं असं नाही हं. भेटायला येणारी काही मंडळी माझ्याकडे बघून “अरेरे!” म्हणत. एका पाहुण्यांनी मी समोर बसलेलो असताना बायकोला विचारलं, “हे चहा घेतात का?” मी म्हटलं, “घेतात. साखर दोन चमचे.” पण माझा आवाज या आजाराने इतका बारीक झालाय की ते त्यांना ऐकूच गेलं नाही. चहा बिनसाखरेचा आला.

चेहऱ्याचंही तसंच. चेहऱ्याचे स्नायू मंदावतात, हसू उमटत नाही. पहिल्या संध्याकाळी माझ्या नातीने आणि नाशिकच्या चुलत नातवाने मिळून मला एक नाच करून दाखवला. मला इतका आवडला! पण नाच संपल्यावर तो चार वर्षांचा मुलगा आईच्या पदराआड गेला आणि म्हणाला, “आजोबा रागावलेत.” त्याचं काय चुकलं? माझा चेहरा तर नुसता लाकडासारखा. मला फार वाईट वाटलं. मग मी त्याला जवळ बोलावलं आणि कानात सांगितलं, “माझं हसू आत असतं. बाहेर यायला त्याला वेळ लागतो. म्हणून आजपासून हसलो की मी ‘हसलो’ असं म्हणीन.” झालं! दुसऱ्या दिवशी घरभर तेच. कोणी विनोद केला की सत्तावीस माणसं गंभीर चेहरा करून म्हणायची, “हसलो.” वहिनीने तर आमटीत मीठ दोनदा पडल्यावरसुद्धा म्हटलं, “हसले.”

आणखी एक गोष्ट सांगतो. माझं नाक गेलंय. म्हणजे नाक जागेवर आहे, वास गेलाय. या आजारात पुष्कळ जणांचा वास हात थरथरायला लागण्याच्याही कितीतरी आधी जातो. आता विचार करा, गणपतीचे दिवस, कोकणातलं घर, आणि वास नाही! केवडा नाही, धूप नाही, हळदीच्या पानावर मोदक उकडताना येणारी वाफ नाही. लहानपणी मी त्या वासाने झोपेतून उठायचो. हे मी कोणापाशी बोललो नव्हतो. नातीने विचारलं, “आजोबा, केवडा हुंगून टाकून का दिलात?” तेव्हा सांगितलं. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग केवड्याचं पान नाकाशी धरून म्हणाली, “हा वास टोचतो. पण गोड टोचतो.” नंतर ती स्वयंपाकघरात जाऊन आली. “मोदकांचा वास हिरवा आहे. आणि थोडा गरम.” पुढचे पाच-सहा दिवस ती मला घरातले वास आणून देत होती. विहिरीचा वास “थंड लोखंडाचा”, आणि मोठ्या काकूंच्या ट्रंकेचा वास “जुन्या सुट्टीचा”. जुन्या सुट्टीचा! मी आयुष्यभर मराठी शिकवलं, पण मला हे सुचलं नसतं.

दुपारची ओहोटी मी माजघरात पडून काढायचो. बाहेर पत्त्यांचा आरडाओरडा, वरच्या माळ्यावर धावपळ, मागे नारळ सोलल्याचा आवाज, विहिरीवर रहाटाची करकर, मध्येच कोणाचं तरी भांडण आणि त्याहून मोठ्याने झालेली समेट. “आजोबांना झोपू द्या रे!” असं कोणी ओरडलं की मी आतून म्हणायचो, “चालू द्या!” ते ऐकू जायचं नाही. पण चालूच असायचं.

आरतीला मला टाळ दिला होता. आता पार्किन्सनची थरथर कशी असते, तर हात मोकळा असला की सेकंदाला चार ते सहा वेळा हलतो, आणि कामाला लावला की बऱ्याचदा कमी होतो. त्यामुळे आरती चालू असताना मी नीट टाळ वाजवला, आणि आरती संपून टाळ मांडीवर ठेवला, तर तो आपला एकटाच किणकिणतोय! भटजीसुद्धा हसले. (आवाज करून हसले, नुसतं म्हणाले नाहीत.) एका रात्री खळ्यात जाखडीवाले आले. मृदंग घुमायला लागला, पायांतले चाळ वाजायला लागले, आणि मी खुर्चीतून उठून त्या ठेक्यावर चक्क दहा पावलं चाललो. ताल मिळाला की गोठलेले पाय सुटतात. रेघ डोळ्यांना जे सांगते, तेच ठेका कानांना सांगतो.

वाडीच्या गडग्यावर खाजकुइलीचा वेल आहे. तिच्या शेंगेवरची लव अंगाला लागली की खाजवून खाजवून जीव जातो, हे कोकणातल्या मुलांना सांगायला नकोच. पण ऐका, १९३७ साली मद्रासला दामोदरन आणि रामस्वामी या शास्त्रज्ञांनी याच वेलाच्या बियांतून लेव्होडोपा वेगळं काढलं. माझ्या गोळीत असतं तेच! ज्या वेलाने लहानपणी मला रडवलं, त्याच्या पोटात माझं औषध. म्हणून कोणी त्या बिया खाऊ नका हं. किती खाल्ल्या तर किती औषध पोटात जाईल याचा हिशेब लागत नाही.

गौरींबरोबर आमचे गणपती जातात. २ सप्टेंबर, भाद्रपद शुद्ध दशमी. मला विसर्जनाला पाण्यापर्यंत जायचं होतं, आणि तेही चालत. पुढच्या वर्षी पाय किती साथ देतील ते मला ठाऊक नाही, डॉक्टरांनाही नाही. पुतण्या म्हणाला, “काका, खुर्चीला बांबू लावून पालखीतून नेतो.” मी म्हटलं, “पालखी गणपतीला. मला घाई नाही.”

मग मी आणि नातू हिशेबाला बसलो. कोकणातली जुनी माणसं भरतीची वेळ कशी काढतात माहीत आहे? तिथीची पाऊणपट करायची. दशमी म्हणजे दहा, दहाची पाऊणपट साडेसात. म्हणजे साडेसातच्या सुमाराला पूर्ण भरती. तेव्हा पाणी जवळ येतं, चालणं कमी. पण तोवर अंधार पडलेला, आणि माझी पाचची गोळीही उतरायला लागलेली. सहाला निघालो तर गोळीची भरती पुरी, उजेडही आहे, पण पाणी थोडं लांब. “सहा,” नातू म्हणाला. त्याच्या बापाने मुकाट्याने सगळ्यांना सहाची वेळ सांगितली. पाचला गोळी दिली तीही नातवानेच, घड्याळ हातात धरून.

बेड्यापर्यंत मी काठीने गेलो. पुढे कोरडी, भुसभुशीत वाळू. तिथे दोन बाजूंना दोन पुतणे लागले. ओली वाळू लागली तसे मी त्यांना सोडलं. पुढे गणपती, टाळ, “मोरया”चा गजर. माझ्यापुढे नातू उलटा चालत होता, आणि दर पावलाला टाच रोवून वाळूत एकेक आडवी रेघ ओढत होता. मी एकेक रेघ ओलांडत गेलो. किती वेळ लागला कोण जाणे. घोट्याला पाणी लागलं तेव्हा नात ओरडली, “आजोबा, हसा!” मी म्हटलं, “हसलो.” लाटांच्या आवाजात तिला ते ऐकू गेलं नसणार. पण ती वाट बघत माझ्या तोंडाकडे पाहत राहिली, आणि मग म्हणाली, “आलं, आलं, बाहेर आलं!”

परतायला वळलो तर भरतीने आमच्या सगळ्या रेघा पुसून टाकल्या होत्या. नातू पुढे झाला आणि त्याने पुन्हा टाच रोवली.