शोक आणि शुश्रूषा

आमची भाची पतिनिधनानंतर चारच महिन्यांनीं नर्सिंगच्या अभ्यासाकडे वळली, तेव्हां नाशिकच्या आमच्या घरांत दोन तट पडले. ‘आधीं दुःख ओसरूं द्यावें, मग पुस्तकें,’ असें वडीलधाऱ्यांचें म्हणणें. बी. एस्सी. नर्सिंगच्या प्रवेशास बारावीचें जीवशास्त्र लागतें. तिनें तें घेतलेलें नव्हतें, म्हणून त्या विषयाच्या परीक्षेस पुनः बसणें प्राप्त झालें. पति हृदयविकारानें गेलेले. त्यामुळें रक्ताभिसरणाच्या प्रकरणाशीं ती पंधरा दिवस अडली.

न्यायमूर्ति रानडे यांचा जन्म आमच्याच जिल्ह्यांतील निफाडचा. १९०१ सालीं ते निवर्तल्यावर रमाबाई सुमारें वर्षभर लोकांत मिसळल्या नाहींत, हा दाखला वडिलांनीं दिला. तो खराच, परंतु त्याच रमाबाईंनीं १९०९ सालीं सुरू झालेल्या पुणें सेवासदनाच्या द्वारें विधवांना परिचारिकेचें शिक्षण मिळवून दिलें, आणि तेंही परक्या रोग्याची शुश्रूषा हलकी मानणाऱ्या समाजांत, हेंही तितकेंच खरें.

शोकास मुदत नसते, परीक्षेस असते. यास्तव आम्हीं सकाळचा स्वयंपाक तिच्याकडून काढून घेतला, आणि मासिक श्राद्धाच्या दिवशीं अभ्यासाची चौकशी कोणीं करूं नये असें ठरविलें. अडलेलें प्रकरण तिनें शेवटीं घरांतल्या मुलांना शिकवून पुरें केलें.

ज्या घरीं असा प्रसंग येईल, त्यांस आमचें एवढेंच सांगणें आहे कीं, ‘अजून रडतेस?’ आणि ‘इतक्यांत सावरलीस?’ हे दोन्ही प्रश्न शिकणारीस विचारूं नयेत.